फॉरमॅट मारला, तरी गेममध्ये पीसी का बंद पडतो?

पुण्यात पीसीने जरा नखरे सुरू केले की पहिला सल्ला ठरलेला असतो, "फॉरमॅट मार." वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा हेच सांगतो आणि दुकानातला माणूसही हेच सांगतो, फक्त तो त्याचे पैसे घेतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्या सुमारास तर ज्याच्या त्याच्या घरी विंडोज ११ टाकणं चालू होतं. सी ड्राइव्ह पुसला, नवी विंडोज बसवली, सगळं चकाचक झालं. ब्राउझर पळतो, पिक्चर दिसतो, कॉलेजचं प्रोजेक्टही उघडतं. आणि रात्री गेम लावला की थोड्या वेळात खेळ खलास. कधी स्क्रीन काळी होते, कधी गेम गुपचूप बंद होतो, कधी मशीनच रिस्टार्ट होतं.

मग लोक काय करतात? पुन्हा फॉरमॅट मारतात.

फॉरमॅटने बदलतं ते फक्त डिस्कवरचं. विंडोज, ड्रायव्हर (विंडोज आणि हार्डवेअरमधले दुभाषी), सेटिंग, इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर्स एवढंच. बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, तसंच राहतं, रॅम तीच, ग्राफिक कार्ड तेच, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, तोच आणि कॅबिनेटमधली धूळही तीच. घराला नवा रंग दिला म्हणून भिंतीतला गळका पाइप थांबत नाही. त्यामुळे फॉरमॅटनंतर पीसी कोसळत असेल तर शोध तीन दिशांनी घ्यायचा. जुन्या विंडोजबरोबर काय गेलं, नव्या विंडोजबरोबर काय आलं, आणि काय जसंच्या तसं राहिलं.

त्याहूनही आधीचा प्रश्न असा की फॉरमॅट मारलाच कशासाठी? गेम कोसळत होते म्हणून मारला आणि अजूनही तसेच कोसळत असतील, तर फॉरमॅट फुकट गेला असं समजू नका. विंडोज आणि जुनी सॉफ्टवेअर्स बहुतांशी निर्दोष आहेत, हे त्यातून कळलं. आता संशय हार्डवेअरवर, बायोसवर किंवा तुम्ही दोन्ही वेळा टाकलेल्या त्याच ड्रायव्हरवर. पण आधी सगळं ठीक होतं, केवळ विंडोज ११ साठी किंवा नव्या एसएसडीसाठी फॉरमॅट मारला आणि मग त्रास सुरू झाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा नव्याने आलेले ड्रायव्हर आणि पुसली गेलेली सेटिंग आधी बघायची. कॅबिनेट उघडलं होतं का तेही आठवा. एसएसडी बसवताना कार्डाची पॉवर केबल अर्धवट निघणं किंवा रॅमची पट्टी स्लॉटमध्ये जरा उचलली जाणं हे वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा घडतं. डेस्कटॉपवर काही जाणवत नाही, जोर आला की जाणवतं.

कोसळणं म्हणजे नेमकं काय होतं?

"पीसी क्रॅश होतो" एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणून गप्प बसणाऱ्या पेशंटला जसं पुढे विचारावं लागतं, तसं इथेही विचारावं लागतं.

गेम बंद होऊन तुम्ही डेस्कटॉपवर फेकले जाता आणि बाकी सगळं चालू राहतं, असं असेल तर दोष बहुधा गेमच्या फाइल, ड्रायव्हर किंवा रॅमचा असतो. स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. हे विंडोजमधलं सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित पान आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता, काय कोसळलं हे तिथे तारखेनुसार लावलेलं दिसतं. लाल फुलीवर क्लिक केलं की तपशील उघडतो. त्यात 'फॉल्ट मॉड्यूल' म्हणून एका फाइलचं नाव असतं. दर वेळी तेच नाव येत असेल तर त्या सॉफ्टवेअरच्या मागे लागा. ते नाव 'एनव्ही'ने सुरू होत असेल तर एनव्हीडियाचा ड्रायव्हर असण्याची शक्यता मोठी. पण दर वेळी वेगळंच नाव, कधी गेमचं, कधी विंडोजचं, कधी ब्राउझरचं, असा प्रकार असेल तर रॅमकडे बोट दाखवायला हरकत नाही. इतकी वेगवेगळी सॉफ्टवेअर्स एकाच आठवड्यात स्वतंत्रपणे बिघडत नाहीत.

स्क्रीन काळी होते, पण मागे आवाज चालू राहतो आणि काही सेकंदांत चित्र परत येतं किंवा गेम बंद होतो. हा ग्राफिकचा प्रश्न. विंडोज ग्राफिक कार्डाला काम देते आणि उत्तराची वाट बघते. ठरावीक मुदत २ सेकंदांची असते. तेवढ्यात कार्ड हललं नाही तर विंडोज ड्रायव्हरला रिसेट करते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत त्याची नोंद ४१०१ या क्रमांकाने होते. रजिस्ट्रीत जाऊन ही २ सेकंदांची मुदत वाढवा, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. कार्ड का अडकलं ते त्यातून कळत नाही, फक्त अडकलेल्या कार्डाकडे जास्त वेळ बघत बसावं लागतं.

निळी स्क्रीन आली तर नशीबवान समजा, कारण ती काहीतरी सांगते. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तीच स्क्रीन आता काळी दिसते, पण काम तेच. ती क्षणात निघून जात असेल तर सिस्टिमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढून टाका. मग स्क्रीन थांबते आणि फोनने फोटो काढता येतो. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असेल तर ड्रायव्हर किंवा कार्ड. 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' असेल तर हार्डवेअरनेच तक्रार केली आहे, बहुधा प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज किंवा ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं). 'मेमरी मॅनेजमेंट' वारंवार येत असेल तर आधी रॅम तपासा.

राहिला तो सर्वांत भीतीदायक प्रकार. काही सूचना नाही, निळी स्क्रीन नाही, टप्पकन सगळं बंद, किंवा बंद होऊन लगेच चालू. इव्हेंट व्ह्यूअर उघडला की लाल खुणेसह 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि लोक त्याचाच शोध घेत बसतात. ती नोंद कारण सांगतच नाही. "मागच्या वेळी मी नीट बंद झाले नव्हते" एवढंच विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर लिहून ठेवते. त्या नोंदीच्या 'डिटेल्स'मध्ये मात्र 'बगचेक कोड' असतो, तो बघा. तो शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन दाखवण्याइतकाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं. शून्याऐवजी २७८ असेल तर वरचा व्हिडिओवाला दोष, २९२ असेल तर हार्डवेअरच्या तक्रारीचा. हे आकडे दशमान पद्धतीत असतात, त्यामुळे निळ्या स्क्रीनच्या कोडशी थेट जुळत नाहीत आणि शोधणारा उगाच गोंधळतो.

ड्रायव्हर, म्हणजे नव्याने आलेलं

नवी विंडोज इंटरनेटला जोडली की ती स्वतःच ड्रायव्हर शोधून आणते. ग्राफिकचा ड्रायव्हरही आणते, आणि तो पुष्कळदा जुना असतो. त्याच वेळी तुम्ही एनव्हीडिया किंवा एएमडीच्या साइटवरून घेतलेला ड्रायव्हर टाकायला बसलेले असता. एकाच कार्डासाठी दोघांचं काम एकाच वेळी चालू. अर्धवट एक, अर्धवट दुसरा, अशी खिचडी होते आणि ती डेस्कटॉपवर दिसत नाही, गेममध्ये दिसते.

याचा उपाय कंटाळवाणा, पण सोपा आहे. विंडोज अपडेट आधी पूर्ण होऊ द्या. रिस्टार्ट करा. पुन्हा अपडेट तपासा, कारण पहिल्या खेपेनंतर दुसरी खेप येते. मग मदरबोर्डचा चिपसेट ड्रायव्हर टाका. याला लोक हमखास विसरतात. प्रोसेसरची झोप-जाग, पीसीआय एक्सप्रेसची देवाणघेवाण, यूएसबी हे सगळं चिपसेटच्या गोतावळ्यात येतं, आणि एएमडीच्या रायझेन प्रोसेसरवाल्यांनी तर तो एएमडीकडूनच घ्यावा. सगळ्यात शेवटी ग्राफिक ड्रायव्हर, तोही 'क्लीन इन्स्टॉल'ची खूण करून. आधीच खिचडी झाली असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं मोफत साधन आहे. नेट बंद करून, सेफ मोडमध्ये ते चालवायचं, जुनं मुळासकट काढायचं आणि मग नवा ड्रायव्हर टाकायचा. नेट चालू राहिलं तर विंडोज मधल्या मध्ये पुन्हा आपला ड्रायव्हर सरकवते.

सर्वांत नवा ड्रायव्हर सर्वांत चांगला असतोच असं नाही. फॉरमॅटच्या आधी एखादा ड्रायव्हर महिनोन् महिने नीट चालला असेल तर त्याच आवृत्तीवर परत जाऊन बघणं ही फार चांगली चाचणी आहे. दोन्ही कंपन्यांच्या साइटवर जुन्या आवृत्त्या मिळतात.

गेमिंग लॅपटॉप असेल तर थोडं वेगळं. तिथे प्रोसेसरमधलं ग्राफिक आणि वेगळं कार्ड अशी जोडी असते, दोघांचेही ड्रायव्हर लागतात, आणि ते आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलचा नंबर टाकून घ्यावेत.

दुकानातून विंडोज टाकून आणली असेल तर एक गोष्ट विचारून घ्या. पेनड्राइव्हवरच्या 'ड्रायव्हर पॅक'ने एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर मारले का? तसं असेल तर कोणता ड्रायव्हर कुठून आला याचा पत्ता लागत नाही. 'लाइट' म्हणून मिळणाऱ्या छाटलेल्या विंडोजचं आणि अ‍ॅक्टिव्हेटर मारलेल्या विंडोजचंही तेच. त्यातून काय काय काढलंय हे काढणाऱ्यालाच माहीत. अशा मशीनवर कारण शोधत बसण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन मूळ विंडोज टाकणं कमी वेळाचं काम आहे. पुन्हा फॉरमॅट मारायला माझी हरकत नाही अशी ही एकमेव परिस्थिती.

नव्या विंडोजबरोबर आणखी एक गोष्ट येते. झेपणाऱ्या मशीनवर विंडोज ११ कोरी टाकली की 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण बहुधा आपोआप चालू होतं. ते जुन्या, कच्च्या ड्रायव्हरना अडवतं. रंगीत दिवे किंवा पंखे चालवणारी जुनी सॉफ्टवेअर्स इथे अडखळतात. संरक्षण बंद करण्याआधी ती सॉफ्टवेअर्स काढून बघा. दिवे नसले तरी गेम चालतो. आणि कधी कधी चूक खरंच विंडोजचीच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये युबिसॉफ्टचे काही गेम विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवर अडकत होते, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ते गेम असलेल्या मशीनवर ते अपडेट देणंच थांबवलं होतं. पण एकच गेम कोसळतो आणि बाकी सगळे चालतात, तेव्हाच असा संशय घ्यायचा.

गेलेलं काय?

हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो, कारण इथे फॉरमॅट हा गुन्हेगार नसतो, तो फक्त झाकण उघडतो.

माझा भाचा नऱ्ह्याला खोली घेऊन शिकतो. त्याचा फोन आला, "मामा, फॉरमॅटच्या आधी असं कधीच झालं नव्हतं. आता गेम लावला की पीसी खाडकन बंद."

"यूपीएस ओरडतो का आधी?"

"हो, टी टी करतो. पण तो तर आधीपासूनच आहे."

"आधी फ्रेम किती लॉक केल्या होत्या?"

तो जरा थांबला. "साठ. मित्राने करून दिलं होतं. कशात ते माहीत नाही."

सेकंदाला साठपेक्षा जास्त चित्रं, म्हणजे फ्रेम, काढू नयेत म्हणून ग्राफिक ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये केलेलं ते लॉक फॉरमॅटमध्ये पुसलं गेलं. कार्ड आता मोकाट सुटलं, जमेल तितक्या फ्रेम काढायला लागलं आणि वीजही तेवढीच ओढायला लागलं. घराघरांत दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. डब्यावरचा व्हीएचा मोठा आकडा फसवतो, वॅटचा आकडा बारीक अक्षरांत असतो. आता हिशोब करा. आरटीएक्स ३०६० सारखं कार्ड १७० वॅट घेतं. आय५-१२४००एफ प्रोसेसर जोरात असताना ११७ पर्यंत जाऊ शकतो. मदरबोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून ४० धरा. झाले ३२७. एसएमपीएस त्यातला काही भाग उष्णतेत घालवतो, म्हणजे भिंतीतून पावणेचारशेच्या आसपास ओढले जातात. त्यात मॉनिटरचे तीसेक वॅट मिळवा. यूपीएस गेला ओव्हरलोडमध्ये. हाच पीसी ब्राउझर चालवताना शंभर वॅटही घेत नाही, म्हणून दिवसभर सगळं सुरळीत. साठचं लॉक असताना कार्ड अर्ध्या ताकदीने चालत होतं, त्यामुळे यूपीएस काठावर तग धरून होता.

लॉकसारख्याच गेलेल्या इतर गोष्टी म्हणजे पंख्याचा वेग ठरवणारी सेटिंग, कार्डाचं व्होल्टेज कमी करून ठेवलेलं अंडरव्होल्ट प्रोफाइल आणि पॉवर लिमिट. आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे एकदा करून ठेवलेलं असतं आणि आपण विसरून जातो. सेकंड हँड कार्ड असेल आणि आधीच्या मालकाने "हे सेटिंग ठेव हां" असं सांगितलं असेल, तर त्याने ते हौसेने सांगितलेलं नव्हतं.

जुने गेम उघडतानाच एखादी डीएलएल फाइल नाही म्हणून अडत असतील, तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रनटाइम आणि जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम टाका. डी ड्राइव्हवर ठेवलेला गेम फॉरमॅटनंतर तसाच चालवला की हे हमखास होतं. स्टीमसारख्या लाँचरमधून फाइल 'व्हेरिफाय' करून घेतलेल्या बऱ्या. व्हॅलोरंट विंडोज ११ वर उघडतच नसेल आणि 'व्हॅन ९००१' दाखवत असेल, तर तो क्रॅश नव्हेच. बायोसमध्ये टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग चालू करा.

आणखी एक पुसली जाणारी गोष्ट म्हणजे शेडर कॅश. गेममधला प्रकाश, सावल्या, पाणी रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामना शेडर म्हणतात. ते तुमच्या कार्डासाठी आणि ड्रायव्हरसाठी एकदा तयार करून डिस्कवर ठेवलेले असतात. फॉरमॅटनंतर ते साठवण कोरं असतं, म्हणून पहिल्यांदा गेम लावला की सगळे नव्याने तयार होतात, आणि त्या वेळी प्रोसेसरचे सगळे कोर पूर्ण जोरात चालतात. पहिल्या तासाभरात गेम अडखळत असेल तर थोडं थांबा, तेवढं होतंच. पण त्याच वेळी पीसी कोसळत असेल, तर प्रोसेसर किंवा रॅममधला जो कच्चेपणा आजवर लपलेला होता तो बाहेर आला.

जे बदललंच नाही

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण इथे सांगायलाच हवं. शेडर तयार होताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा संदेश देऊन गेम बंद पडायचा. लोक ग्राफिक कार्ड बदलायचे, विंडोज बदलायचे. दोष प्रोसेसरमध्ये होता. जास्त व्होल्टेजमुळे त्याची झीज होत होती, आणि इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य केलं. उपाय मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, रूपाने ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधून आला, आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली गेली. तुमच्याकडे या पिढीतला आय५, आय७ किंवा आय९ असेल तर बाकी काही करण्याआधी मदरबोर्डच्या साइटवरून बायोस अद्ययावत करा. अपडेट पुढची झीज थांबवतं, झालेली भरून काढत नाही. त्यामुळे तरीही कोसळत असेल तर वॉरंटीचा मार्ग.

बायोस अपडेट केलं, किंवा विंडोज ११ साठी कोणी बायोसमध्ये हात घातला, तर रॅमचं सेटिंग बघा. ३२०० म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम बायोसमधलं एक्सएमपी हे सेटिंग चालू केल्याशिवाय पुष्कळदा २१३३ किंवा २६६६ वरच चालते. एक्सएमपी म्हणजे कंपनीने आखून दिलेलं ओव्हरक्लॉकच. त्यात व्होल्टेज १.२ वरून साधारण १.३५ वर जातं. प्रत्येक मदरबोर्ड आणि प्रोसेसर ते पेलतोच असं नाही, विशेषतः चार पट्ट्या असतील किंवा दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र असतील तर. कोसळणाऱ्या मशीनवर एक्सएमपी बंद करून एक संध्याकाळ खेळून बघणं हा फुकटातला उत्तम प्रयोग आहे. गेम थोडा हळू चालेल, पण चालला तर उत्तर मिळालं. पक्की खात्री हवी असेल तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घ्या आणि रात्रभर लावून झोपा. एकही चूक दाखवली तर ती रॅम किंवा तिचं सेटिंग खराब. "फक्त दोनच एरर आल्या" असं समाधान रॅमच्या बाबतीत नसतं.

इथे एक कानगोष्ट. कुठेही विचारा, 'एसएफसी स्कॅन' चालवा असं सांगतील. विंडोजच्या खराब फाइल दुरुस्त करणारी ती आज्ञा आहे. कालच टाकलेल्या विंडोजवर तिचा उपयोग फार नाही. पण कोऱ्या विंडोजवरही ती पुन्हा पुन्हा खराब फाइल दाखवत असेल, तर त्या फाइल खराब करणारं कोणीतरी अजून आत बसलंय, आणि ते रॅम किंवा एसएसडी असण्याचीच शक्यता जास्त.

रायझेनवर गेम कोसळत नाही, पण मधूनमधून क्षणभर गोठतो आणि आवाज तुटतो, असं असेल तर विंडोज ११ साठी चालू केलेला टीपीएम कारण असू शकतो. एएमडीने २०२२ मध्ये ते मान्य करून बायोसमधून दुरुस्ती दिली. जुन्या बोर्डावर ते अपडेट कोणी टाकलेलंच नसतं.

तापमानाबद्दल मात्र मी लोकांना शांत करतो. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि प्रत्येक क्रॅशचं खापर उन्हावर फुटतं. आजचे प्रोसेसर आणि कार्ड तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. एनव्हीडियाची बहुतेक कार्डं ८३ अंशांच्या आसपास हात आखडता घेतात, इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० ला, रायझेन ७००० चे ९५ ला. उष्णतेने आधी फ्रेम कमी होतात. थेट बंद पडण्यासाठी पंखा अडकलेला किंवा कूलर सुटलेला असावा लागतो. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून आकडे फाइलमध्ये नोंदवत ठेवा, म्हणजे बंद पडण्याआधीची शेवटची ओळ वाचता येते.

एसएमपीएसच्या बाबतीत मी इतका उदार नाही. कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी सरासरीच्या कितीतरी जास्त वीज ओढतं, उडीच मारतं. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला, '४५० वॅट' लिहिलेला एसएमपीएस ती उडी झेलू शकत नाही आणि सगळं बंद करतो. कार्डाला दोन पॉवर कनेक्टर असतील तर एकाच केबलची दोन टोकं वापरू नका, दोन स्वतंत्र केबल लावा. जुन्या पेठांतल्या घरांत अर्थिंग आहे का तेही बघा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरने लावलेला असेल तर पुढची चर्चाच नको. इन्व्हर्टरवर पीसी चालत असेल तर त्याचा 'यूपीएस मोड' चालू हवा. नाहीतर वीज जाऊन इन्व्हर्टर येईपर्यंतच्या क्षणात पीसी बंद होतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणाऱ्या भागात तर हा अनुभव दर आठवड्याचा.

कोणत्या क्रमाने?

फुकट ते महाग या क्रमाने, आणि एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि क्रॅश थांबला, तर कशाने थांबला हे कधीच कळणार नाही.

सुरुवात फ्रेम साठवर लॉक करून आणि कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून करा. क्रॅश थांबला तर वीज किंवा उष्णता. मग पीसी यूपीएसमधून काढून थेट भिंतीला लावून बघा, लॉक काढून. तिथे नीट चालला तर यूपीएस दोषी. लॉक लावूनही कोसळत असेल तर एक्सएमपी बंद. मग ड्रायव्हर मुळासकट काढून नवा टाकणं. मग रॅमची एकच पट्टी ठेवून खेळणं, नंतर दुसरी. प्रोसेसरला एकट्याला ताण द्या, कार्डाला एकट्याला द्या. दोन्ही वेगवेगळे टिकले आणि एकत्र ताण दिल्यावर मशीन बंद पडलं, तर एसएमपीएस. ओसीसीटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तिन्ही ताण मिळतात. भाच्याचं पहिल्या दोन पायऱ्यांतच निपटलं. यूपीएसला आता फक्त मॉनिटर आणि राउटर जोडलाय, आणि मोठ्या यूपीएससाठी तो आईकडे तगादा लावून आहे.

एवढं करूनही जमलं नाही तर पीसी दुकानात न्यावाच लागतो. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, जा नाहीतर घराजवळ, पण काय होतं ते कागदावर लिहून न्या: कोणता गेम, किती वेळाने, स्क्रीन कशी होते, बगचेक कोड किती, काय काय करून झालं. निळ्या स्क्रीनचा फोटो दाखवा. बिलं बरोबर ठेवा, कारण कार्ड, रॅम आणि एसएमपीएस यांची वॉरंटी वेगवेगळी आणि बहुधा पीसीच्या एक वर्षाच्या गॅरंटीपेक्षा जास्त असते. फॉरमॅट करू नका असं आधीच स्पष्ट सांगा. आणि दुसरा, चांगला एसएमपीएस तात्पुरता जोडून तोच गेम तासभर चालवून दाखवायला सांगा. डेस्कटॉप सुरू झाला म्हणजे दुरुस्त झालं, असं म्हणत पीसी परत दिला तर तो तसाच टेबलावर ठेवा आणि गेम लावायला सांगा.